यादीत नसलेलं माहेर

वरूडला जाऊन झाडावरची संत्री खायची आणि पुढं एक दिवस धारणीला काढायचा, एवढाच माझा बेत होता. संत्री खाल्ली. धारणी राहून गेलं. मधल्या वेळात जे घडलं त्यामुळं पुण्यात परतल्यावर माझ्या फोनवर दर आठवड्याला एक बाई बोलू लागली. ती कोण, हे शेवटी सांगतो. आधी प्रवास.

मी वजनमापे खात्यात नोकरीला आहे. दुकानदाराचा काटा खरा की खोटा हे पाहण्यात माझी हयात गेली, त्यामुळं कुठंही गेलो तरी माझी नजर आधी तराजूकडं जाते. पुण्यात संसार थाटून बराच काळ झाला, पण लहानपण सगळं अकोल्यात, जठारपेठेत. आई-वडील गेल्यावर तिकडं जाणं तुटलंच होतं. वरूडजवळच्या एका खेड्यात माझी मावसबहीण सुनंदा राहते. ती गावची आशा आहे, म्हणजे गरोदर बायकांच्या आणि तान्ह्या बाळांच्या घरी जाऊन त्यांच्यावर लक्ष ठेवणारी कार्यकर्ती. दर दिवाळीला तिचा फोन येतो आणि दरवेळी ती तेच विचारते, की संत्री सडून गेल्यावर येशील का. या डिसेंबरात रजा शिल्लक होती. निघालो.

जठारपेठ

अकोल्याला सकाळी उतरलो. वऱ्हाडाची थंडी कोरडी असते, ओठ फुटतात पण अंग आखडत नाही. स्टेशनबाहेर पोहे घेतले. पुण्यात पोह्यांवर खोबरं आणि लिंबाची फोड येते. इथं गाडीवाल्यानं न विचारता वर पळीभर लाल तर्री ओतली, आणि मी डोळे पुसायला लागलो तेव्हा विचारलं, "तिखट चालते ना, साहेब?" पूर्वी चालत होतं.

जठारपेठेत आम्ही भाड्यानं राहायचो त्या दोन खोल्यांत आता औषधांचं दुकान आहे. मालक भला माणूस. मी इथं लहानाचा मोठा झालो म्हटल्यावर त्यानं फळी उचलून आत घेतलं. आतल्या खोलीत खोक्यांची चळत होती. पण उत्तरेच्या भिंतीतला कोनाडा तसाच होता. तिथं आईचा डिंकाच्या लाडवांचा पितळी डबा असायचा.

तो डबा आमच्यासाठी नसायचा. माझी आई चार बहिणींत थोरली. आजी लवकर गेली, आजोबांचं घर मोडलं, त्यामुळं धाकट्या तिघी मावश्यांचं माहेर म्हणजे आमच्या या दोन खोल्या. बाळंतपणाला तिघीही इथंच आल्या. आतल्या खोलीत बाज टाकलेली, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि शेपा. घरभर त्याचा वास. वडिलांची आणि माझी वळकटी बाहेरच्या खोलीत. माझं काम निरोप्याचं. दाईला बोलावून आण, डॉक्टरीणबाईंना विचारून ये, पोस्टात जाऊन तार करून ये. मावशीच्या सासरी मुलगा की मुलगी ते मी कळवायचो, त्यामुळं त्या तीन घरांत माझं नाव फार मोठ्या माणसासारखं घेतलं जायचं. सुनंदा याच खोलीत जन्मली. तिच्या वडिलांना तार मीच केली होती.

दुकानदारानं खोक्यांच्या मागून एक स्टूल ओढून दिलं. मी थोडा वेळ बसलो. ओव्याचा वास येत नव्हता, गोळ्यांचा येत होता.

वरूड

अमरावतीला बस बदलायची होती, म्हणून गिला वडा खाल्ला. भिजलेला वडा, वर दही, वर दोन चटण्या. हे खाण्यासाठी वडील अकोल्याहून अमरावतीला काहीतरी काम काढायचे, असं आई म्हणायची. चव तीच वाटली. अर्थात चवीला प्रमाणित वजन नसतं, त्यामुळं खात्रीनं सांगता येत नाही.

मोर्शी सोडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा लागतात. फांद्या फळांनी इतक्या वाकलेल्या की प्रत्येक फांदीला बांबूचा टेकू. ट्रॅक्टर, ट्रक, प्लॅस्टिकचे क्रेट, गवताचा पेंढा. हवेत सालीचा वास. वरूडच्या स्टँडवर सुनंदा स्कूटी घेऊन उभी होती. मला मागं बसवलं, माझी बॅग पुढं पायाशी ठेवली आणि गाडी चालवत पूर्ण रस्ताभर मागं वळून बोलत राहिली. मी दोनदा पुढं बघ म्हणालो. तिनं मला भित्रा पुणेकर म्हटलं.

रात्रीच्या जेवणाला ताज्या तुरीच्या दाण्यांची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा. तिच्या नवऱ्याची थोडी बाग आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दव वाळायच्या आत त्यांनी मला बागेत नेलं. संत्रं तोडून हातात धरलं की वजन सांगायचं, हा माझा जुना खेळ. भावजींनी काट्यावर टाकून पाहिलं. फार चुकलो नव्हतो. भावजी म्हणाले, व्यापाऱ्यासमोर तुम्हालाच उभं करतो.

त्यानंतर सुनंदाच्या फेरीला तिच्याबरोबर गेलो. तिच्याकडं एक वजनकाटा, रक्तदाबाचं छोटं यंत्र आणि मोबाईल. मोबाईलमध्ये तिच्या गावच्या सगळ्या गरोदर बायकांची यादी असते. नावापुढं महिना, वजन, रक्तदाब, गोळ्या चालू आहेत की नाहीत, पुढची भेट कधी. ठीक असेल तर हिरवी खूण, लक्ष द्यायचं असेल तर पिवळी, धोका असेल तर लाल. भेट दिली की तिथल्या तिथं भरायचं, रेंज आली की ते वरच्या दवाखान्यात पोचतं. मला ही रचना आवडली. आकडा ज्याच्या त्याच्या आठवणीवर ठेवलेला मला चालत नाही.

पहिल्याच घरी तिनं शेणानं सारवलेल्या अंगणात काटा ठेवला. मला राहवेना म्हणून बोललो, की मऊ जमिनीवर काटा दबतो, वजन कमी दाखवतो. घरातून पाट मागवला. पाटावर काटा ठेवून पुन्हा मोजलं. पोटुशी बाई उभी राहून हसत होती. तिची जाऊ सुनंदाला म्हणाली, "कावो आशाताई, आता तुमचे भाऊ आमच्यावर केस करतीन का?" पुढच्या प्रत्येक घरी माझ्याआधी ही बातमी पोचलेली होती आणि पाट तयार होता.

दुपारी परतल्यावर सुनंदा ओट्यावर फोन घेऊन बसली. यादीत वरचं नाव लाल होतं. रेणुका. खाली लिहिलेलं, भेट बाकी.

रेणुका तिच्याच गल्लीतली सून, पहिलटकरीण. सातव्या महिन्याच्या सुमारास तिचा रक्तदाब चढलेला निघाला. सुनंदानं तिला दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या, पुन्हा दाखवायला या म्हणून सांगितलं गेलं. तेवढ्यात डोहाळजेवण झालं आणि माहेरचे येऊन तिला घेऊन गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात विचारण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही. तिचं माहेर अकोला जिल्ह्यात. नवरा गजानन संत्र्याचा ट्रक घेऊन बंगालकडं गेलेला, त्याचा फोन बंद. सासूकडं फोन नाही. यादीत नंबर गजाननचाच.

मी विचारलं, तिकडच्या आशेला कळवण्याची सोय यात नाही का? सुनंदानं उघडून दाखवलं. आहे. स्थलांतर असा एक पर्याय आहे. तो दाबला की गाव निवडायचं. तिच्या फोनवर जी गावं येत होती ती सगळी अमरावती जिल्ह्यातली. हद्दीच्या पलीकडचं एकही गाव दिसत नव्हतं. खाली इतर म्हणून एक पर्याय होता. तो दाबला की नाव यादीतून जातं, लाल खूणही जाते, आणि कुणाच्याच यादीत येत नाही.

"दाबून टाक म्हणते माह्यासोबतची," सुनंदा म्हणाली. "रोज सकाळी लाल पाहून कायले जीव जाळून घेतं म्हणते. पण मी दाबलं, तं मंग थे पोरगी कोणाची?"

मी वाकून तिच्या फोनवरची गावांची यादी पुन्हा वरखाली करून पाहिली.

"दादा, त्याले सासर समजते. माहेर नाई समजत," ती म्हणाली आणि फोन उलटा ठेवला. माहेरी जाताना रेणुकाच्या पायांवर सूज होती, जोडवं रुतत होतं, ते तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तिनं एका नातेवाइकाकरवी तिकडच्या गावात निरोप धाडला होता. उत्तर आलं, पोरगी मजेत आहे.

माझे वडील एके काळी धारणीला नोकरीला होते. तिथलं ते क्वार्टर, त्यापुढचं मोहाचं झाड, ते पाहायचं म्हणून मी तो दिवस राखून ठेवला होता. संध्याकाळी मी सुनंदाला म्हटलं, उद्या आपण तिच्या माहेरी जाऊ. माझा धारणीचा दिवस मोकळाच आहे.

पूर्णेच्या अलीकडं

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या घराला आवडणार नाही. दर्यापूरहून पुढं जिल्ह्याची हद्द ओलांडली की लागतं, पूर्णा नदीच्या अलीकडं.

वरूडहून निघून तिथं पोचेपर्यंत मुलूख पार बदलतो. बागा संपतात. काळी भुई, मोठमोठ्या भेगा, तूर, हरभरा, वेचून संपत आलेली कपाशी. हा खारपाणपट्टा. इथल्या विहिरींना पाणी आहे, पण खारं. मला हे शाळेत शिकवलेलं आठवत होतं आणि तरीही स्टँडवरच्या माठातलं पाणी मी घटाघट प्यायलो. पहिला घोट खाली उतरून दुसरा तोंडात असताना चव कळली. सुनंदा इतकी हसली की शेजारची म्हातारी, काय झालं म्हणून, आपलं गाठोडं सांभाळून बसली. चहासुद्धा किंचित खारट लागला. सुनंदाचं हसणं मात्र लगेच विरलं. बीपीवाली पोर आणि हे पाणी, असं ती स्वतःशीच म्हणाली.

दर्यापूरहून एक काळीपिवळी जीप ठरवली. आमच्याजवळ एक पोतं संत्री, आणि टॉवेलात गुंडाळलेलं रक्तदाबाचं यंत्र.

गावात शिरल्यावर सुनंदानं आधी तिथल्या आशेचं घर विचारलं. दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं की ती बाळंतपणाला माहेरी गेली आहे, तिचं दुसरं. सुनंदा माझ्याकडं पाहून म्हणाली, तीही आता कुठल्या यादीत नसेल.

रेणुकाचं घर मारुतीच्या देवळामागं. तिची आई शांताबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. माझ्याच वयाची असेल, बांध्यानं उंच, कपाळावर मोठं कुंकू. वडील शेतात गेलेले. सुनंदानं आपण कुठून आलो ते सांगितल्याबरोबर शांताबाईचा हात थांबला.

"सासरचे आले का पाह्याले? सून उपाशी तं नाई ना ठेवली?"

"मी सासू नाई वो बाई. मी आशा हाय तिकडची. माह्या यादीत हाय तुमची पोरगी."

"तुमच्या यादीत असन. माह्या पोटची हाय."

तरी पाणी आलं, आणि आम्ही पाहुणे म्हणून कॅनचं, गोडं पाणी आलं. संत्र्याचं पोतं तिनं उचलून आत ठेवलं. वऱ्हाडात माणूस तोडून बोलतो, पण दारातून कुणी परत जात नाही. माझी आई शेजारणीशी असंच भांडायची आणि भांडता भांडता तिच्यासाठी चहा टाकायची.

रेणुका आत बाजेवर बसली होती. वीस-एकवीस वर्षांची, हातभर हिरव्या बांगड्या. सुनंदाला पाहून तिचा चेहरा फुलला. चेहरा सुजलेला होता. पाय तर पाहवत नव्हते. पायात जोडवी नव्हती, फार रुतायला लागली म्हणून काढून ठेवली असं ती म्हणाली. गोळ्या संपल्या होत्या. डोकं दोन दिवसांपासून दुखत होतं. मधेच डोळ्यांपुढं काजवे चमकतात, हे तिनं आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं.

सुनंदानं यंत्र लावलं. आकडा आला तो तिनं मला दाखवला. मी म्हटलं, एका मापावर जाऊ नकोस, थोडं थांबून दुसऱ्या हाताला लाव. थांबलो, लावलं. दुसऱ्यांदा आणखी वर. मला डॉक्टरकी कळत नाही, पण वरचा आकडा एकशे साठाच्या पुढं आणि खालचा एकशे दहाच्या पुढं, हे वाईट आहे एवढं कळत होतं. सुनंदानं बाहेर येऊन मला हळू सांगितलं, की हे असंच चढत राहिलं तर पोरीला झटके येतील, मग आई आणि बाळ दोघांचंही सांगता येत नाही. आजच मोठ्या दवाखान्यात पोचली पाहिजे.

शांताबाईनं नकार दिला.

आठवा महिना चालू होता. सातव्यात किंवा नवव्यात पोरगी हलवायची, आठव्यात शीव ओलांडायची नाही, नदी तर नाहीच नाही, असं त्यांच्या घरात होतं. अकोल्याला जायचं तर पूर्णा ओलांडावी लागते. त्यात मागणी करणारी बाई सासरच्या गावची. बाळंतपणाच्या आधी सासरच्यांनी येऊन पोरगी उठवून नेली, तर उद्या गाव काय म्हणेल? आईनं सांभाळलं नाही, असंच ना?

मग मी बोललो. मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे आणि आकड्यांवर माझा विश्वास आहे. साधारण बाईचा रक्तदाब किती असतो, हिचा किती आहे, दोन्हीमधला फरक केवढा, हे मी शांताबाईला नीट समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेंगा सोलणं थांबवलं नाही. माझ्या बोलण्याचा काही उपयोग झाला नाही.

सुनंदानं रुग्णवाहिकेला फोन लावला. जवळची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, वेळ लागेल असं कळलं. जीपवाल्याला आम्ही थांबवून ठेवलं. आत रेणुका डोकं धरून आडवी झाली होती. शांताबाईचं लक्ष तिकडंच होतं, हे मला तेव्हा दिसलं. शेंगेतले दाणे टोपलीत आणि टरफलं बाजूला टाकायची, ते तिच्या हातून उलटं होत होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून तिनं मला विचारलं, की भाऊ, तुम्ही मूळचे कुठले. मी म्हटलं, अकोल्याचा, जठारपेठेचा. ती वळली. तिचं माहेर अकोल्याचं होतं, मोर्णेच्या काठाला. मग गिरणीच्या भोंग्याची गोष्ट निघाली. त्या भोंग्यावर आमच्या घरी कणीक मळली जायची, तिच्या घरी भाऊ शाळेला निघायचा. मे महिन्यात गच्चीवर पाणी मारून गाद्या घालणं, ओली चादर अंगावर घेणं, पहाटे ती वाळून कडक झालेली असणं, हे तिनं सुरू केलं आणि मी पुरं केलं. गच्चीवरून मोर्णेचा पूर पाहायला मिळायचा म्हणाली. आमच्या गच्चीवरून दिसायचा नाही, त्यासाठी आम्हाला पळत पुलावर जावं लागायचं. तिचा भाऊ आता सुरतेला आहे. भाऊबीजेला फोन करतो, येत नाही. बहिणीच्या पोरीला आठवा लागल्याचं त्याला ठाऊकही नसेल. तिच्या आवाजात राग नव्हता.

सुनंदा इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "काकू, एक इचारू का? आठव्यात पोरगी आजोळी जाते का?"

शांताबाईनं शेंग हातात तशीच धरली. "मामा नेयाले आला तं जाते," ती सावकाश म्हणाली. "माह्या वेळी मामाच इथं सासरी आला होता. मी पूर्णा ओलांडूनच गेली होती अकोल्याले, माह्या आजीकडं."

सुनंदानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिला हे असं जमतं, तिच्या आईलाही जमायचं.

शांताबाईनं टोपली बाजूला सारली, पदराला हात पुसले. "भाऊ, जठारपेठ म्हणता ना तुमी?"

"हो."

"मंग मी वटी भरतो पोरीची. तुमी हात लावा."

मला वाटतं तिलाही एक दार हवंच होतं. आम्ही येण्याच्या आधीपासून ती ते शोधत असावी. तांदूळ, नारळ, हळकुंड, खण, सगळं एका ट्रंकेतून इतक्या चटकन बाहेर आलं की ते आधीच काढून ठेवलेलं होतं की काय असं वाटलं. रेणुकाला पाटावर बसवलं. मी नारळाला हात लावला. ओटीच्या ताटात तिनं आमच्या पोत्यातलं एक संत्रंही ठेवलं. शेतात निरोप गेला. रेणुकाचे वडील धावत आले आणि काही न विचारता तिची पिशवी घेऊन जीपमध्ये बसले.

रेणुका मधल्या सीटवर आडवी, डोकं आईच्या मांडीवर. सुनंदा तिचं मनगट धरून. मी ड्रायव्हरच्या शेजारी. मामा पुढं बसतो, असं शांताबाईनं ठरवून दिलं होतं. पूर्णेच्या पुलावर तिनं गाडी थांबवायला सांगितली. सुनंदानं घड्याळाकडं पाहिलं. शांताबाईनं ओटीतले मूठभर तांदूळ खिडकीतून खाली पाण्यात टाकले, हात जोडले, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "चाल बापा, आता थांबू नको."

पुन्हा अकोला

दवाखान्यात रेणुकाला लगेच आत घेतलं. सुनंदानं आपल्या फोनमधले सगळे जुने आकडे तिथल्या डॉक्टरांना दाखवले. कोणत्या महिन्यात किती वजन, रक्तदाब केव्हा चढला, कोणत्या गोळ्या. जिल्ह्याची हद्द ज्या यादीला ओलांडता येत नव्हती, ती यादी सुनंदानं पिशवीत घालून ओलांडून आणली.

खिडकीत नाव नोंदवताना मोबाईल नंबर मागितला. गजाननचा बंद. शांताबाईच्या घरात एकच फोन, तो रिचार्ज संपून पडलेला. सुनंदाचा द्यावा तर ती संध्याकाळच्या बसनं वरूडला परतणार, तिच्या गावात आणखी बायका होत्या. मी माझा नंबर सांगितला. पेशंटशी नातं काय, असं खिडकीतल्या मुलीनं विचारलं. मी उत्तर देण्याआधी मागून शांताबाईनं सांगितलं. मामा.

दोन दिवस औषधांवर ठेवून पाहिलं, मग ऑपरेशन करावं लागलं. मी तोवर अकोल्यातच थांबलो. मुलगी झाली. दोन किलोच्या आत भरली. त्या वेळी मी काट्याजवळ उभा होतो, पण काटा तपासला नाही. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, रेणुकाचा रक्तदाब उतरायला आणखी काही दिवस गेले. आता दोघीही बऱ्या आहेत.

मुलगी झाल्याचं मी बाहेर येऊन फोनवर सुनंदाला कळवलं. दवाखान्यातून जठारपेठ फार लांब नाही. ज्या घरातून तिच्या वडिलांना तार करायला मी पळत गेलो होतो, तिथून एवढ्याशा अंतरावर उभा राहून मी पुन्हा तेच काम करत होतो. सुनंदा म्हणाली, की तिनं रेणुकाचं नाव उघडलं आहे, पण बाळंतपणाच्या ठिकाणी अकोला घालता येत नाही. लाल खूण तशीच आहे. "राहू दे," ती म्हणाली. "आता मी त्याले पाहून भेत नाई."

पुणे

परत येऊन ऑफिसला जाऊ लागलो. पहिल्याच आठवड्यात एका गोदामात मोठा वजनकाटा तपासत असताना फोन आला. अनोळखी नंबर. उचलला तर रेकॉर्ड केलेला एका बाईचा आवाज, गोड आणि सावकाश. ताई, तुमचं बाळ आता एक आठवड्याचं झालं आहे. त्याला फक्त आईचं दूध द्या. बाळाला छातीशी धरून ऊब द्या. गोदामाचा मालक समोर उभा होता. मी सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि काट्याचा शिक्का तपासला.

तेव्हापासून दर आठवड्याला ती बाई बोलते. लस केव्हा द्यायची, बाळाचं वजन केव्हा करायचं, आईनं कोणत्या गोळ्या चालू ठेवायच्या. माझी बायको हसते. ऑफिसात माझं नाव ताई पडलं आहे. पण आलेला निरोप पोचवला नाही असं माझ्या हातून कधी झालेलं नाही. शांताबाईनं फोन रिचार्ज करून घेतला आहे. मी संध्याकाळी तिला लावतो आणि बाईनं जे सांगितलं ते शब्दशः सांगतो. ती मधेमधे हो हो म्हणते. मग एकदा लाडू कुठल्या डिंकाचे करू असं तिनं मला विचारलं, जसं काही मला ते ठाऊक असावं. मला ठाऊक होतं.

गजानन बंगालहून परत आला, त्याचा फोन सुरू झाला. सुनंदानं सांगितलं, की आता त्याचा नंबर घालून देता येईल, दवाखान्यात एकदा कळवलं की झालं, तुझ्या मागची ही कटकट जाईल. मी तिला म्हटलं, राहू दे, मामाचंच काम आहे ते.